उठवणारी खुर्ची

५ जानेवारी १९८७, सोमवार

बाबांच्या नडगीचं प्लास्टर आज उतरलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून, टिचक्या मारून पाहिला आणि म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता चालायला लावा. नाही चालले तर गुडघा असा आखडेल की पावसाळ्यानंतर माझ्याकडे आणून उपयोग नाही." बाबा हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या पायाविषयी चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होते. टॅक्सीतून घरात आणलं तसे थेट आपल्या व्होल्टेरवर आडवे झाले. व्होल्टेर म्हणजे आजोबांच्या वेळची लांब हातांची आरामखुर्ची. त्या हातांवर तंगड्या टाकून पडलेला माणूस निदान जेवायला तरी उठतो. बाबा तेही करत नाहीत, ताट तिथेच जातं. सकाळी भैरू आणि मी बगलांत हात घालून त्यांना परसात नेतो आणि आणतो, तेवढाच काय तो प्रवास.

मी बजावलं, "बाबा, उद्यापासून चालायचं."

ते म्हणाले, "चलान जातलंय खंय?"

जाऊ कुठे म्हणे! अख्खं इब्रामपूर पडलंय समोर.

७ जानेवारी

माझी बायको दीपा म्हणते, मनातली मळमळ माझ्यावर काढण्यापेक्षा वहीत काढा. बरं बुवा, काढतो.

मी मंगेश. घराला लागून असलेल्या मांगरात, म्हणजे जुन्या शेडमध्ये, माझा फर्निचरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे मी, एक रंधा-मशीन आणि बेळगावकडचा भैरू. पणजीला ड्रॉइंग शिकून आलो तेव्हापासून माझं एक मत आहे: फर्निचरने माणसाला नुसतं बसवू नये, हलवावं. एक कप्पा उघडला की दुसरा आपोआप मिटणारं टेबल मी केलं. ज्यावर बसलं की आपला तोल आपणच सांभाळावा लागतो असं स्टूल केलं. दोन्ही अजून मांगरातच आहेत. गल्फहून आलेल्या लोकांना सनमायकाचं शोकेस पाहिजे असतं, आत बाहुली ठेवायला. भैरू तर तोंडावर सांगतो, "मालक, माणूस खुर्ची घेतोय ते बसायला वो. हलायला त्याला रस्ता हाय की."

पण आता माझ्या घरातच न हलणारा माणूस बसलाय. याला म्हणतात संधी! बाबांना बोलून उठवता येणार नाही. माझं त्यांचं बोलणं तसंही मोजकंच. मी मांगरात, ते आपल्या खोलीत. पण माझं लाकूड त्यांना उठवील.

बाबा पडले कसे, तेही लिहून ठेवतो. रस्त्यापलीकडच्या धाकूकाकांच्या सोप्यावर दर सोमवारी भजन असायचं. बाबांचा पखवाज, धाकूकाकांची पेटी. गेल्या नोव्हेंबरात राजभाषेवरून तोंडाला तोंड लागलं. बाबा कट्टर मराठीवाले, काका कट्टर कोकणीवाले. भजन मराठीत झालं, भांडण आमच्या पेडण्याच्या बोलीत झालं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबा ओरडले, "हेच्यापुढे तुझ्या सोप्याक पाय लावचंय नाय!" आणि तरातरा निघाले ते शेवटची पायरी चुकले. त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी एकत्र चहा पिणारी माणसं! असो. आपल्याला त्या भानगडीत पडायचं नाही. आपला प्रश्न गुडघ्याचा आहे.

१९ जानेवारी

पहिलं यंत्र तयार! बाबांना बातम्यांचं वेड. म्हणून रेडिओसाठी भिंतीकडे एक पेटारा केला. वरच्या डब्यातली वाळू हळूहळू खालच्या डब्यात सांडते, पेटाऱ्याचं झाकण तोलून धरणारा भार हलका होतो आणि ते खाली येतं. आवाज बंद. परत ऐकायचं तर उठा, पेटाऱ्यापर्यंत या, डबा उलटा करा. दीपाला दाखवलं. ती शाळेत शिकवायला निघाली होती, पदराला पिन लावत म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्या माणसाला छळायचं." मी म्हटलं, याला डिझाइन म्हणतात.

२१ जानेवारी

झाकण पडतं. बाबा हाक मारतात, "भैरू!" भैरू करवत टाकून जातो, डबा उलटा करतो, आणि पुन्हा कोण ये-जा करणार म्हणून तिथेच बैठक मारतो.

म्हणजे आधी घरात एक माणूस बसून होता, आता दोन आहेत.

५ फेब्रुवारी

काल जे झालं ते लिहायचा धीर आज आला.

राजभाषेचा कायदा झाल्याची बातमी रेडिओवर लागली. भैरू नेमका तंबाखू आणायला गेलेला. बातम्या देणाऱ्या बाई सांगू लागल्या की कोकणी ही राजभाषा, आणि… धप्प! झाकण खाली. बाबांनी अर्धीच बातमी ऐकली. रस्त्यापलीकडे धाकूकाकांनी फटाक्यांची माळ लावली. बाबा व्होल्टेरच्या हातांवर रेटून अर्धे उठले. मी मांगराच्या दारातून बघत होतो. उठा, उठा! पण ते पुन्हा बसले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत.

कारभारात मराठीही चालेल हा त्या बातमीचा उरलेला भाग त्यांना संध्याकाळी दीपाने सांगितला. तेव्हा ते माझ्यावर गरजले, "तुझ्या पेटाऱ्यान माझी अर्दी बातमी खाल्ली मरे!" आणि दीपाला पाठवून पलीकडे ऐकू जाईल अशी मोठी माळ आणवली. ती भैरूने लावली. बाबांनी बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

पेटारा मांगरात परत. स्टुलाच्या शेजारी.

१२ फेब्रुवारी

आज देव पावला!

डिचोलीच्या एका गिऱ्हाइकासाठी डुलती खुर्ची केली आहे. पॉलिश वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून ती बाबांच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवली. तिच्या पायांचा बाक इतका नेमका साधला आहे की नुसत्या वाऱ्याने ती डुलायला लागते, आणि लागली की थांबायचं नाव नाही. स्वतःची स्तुती करू नये, पण करतो.

दुपारी बाबांची हाक ऐकू आली. "मंगेश! रिकामी कदेल डुलता! थांबय ती!" रिकामा पाळणा, रिकामा झोपाळा हलवायचा नाही, घराला बाधतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. बाबांनी तो नियम कदेलीला, म्हणजे खुर्चीलाही लावला. मशीनच्या आवाजात मी लगेच गेलो नाही. भैरू पाण्याला गेलेला. मशीन बंद करून जातो तर काय, बाबा उभे! एक हात भिंतीला, दुसरा खुर्चीच्या पाठीवर. घामाने भिजलेले, चेहरा वेदनेने पिळवटलेला, पण उभे. आणि मला म्हणतात, "अपशकुन करून ठेवतंस घरात? अक्कल खंय गेली?"

मला बाबांच्या पायाच पडावंसं वाटलं. पडलो नाही. त्यांना धरून परत बसवलं आणि मांगरात येऊन भैरूला मिठी मारली. तो म्हणाला, "काय झालं वो? कोण गेलं?"

१३ फेब्रुवारी

डिचोलीच्या गिऱ्हाइकाला कळवलं, खुर्चीत दोष निघाला, दुसरी करतो. दोष! अशी खुर्ची सात जन्मात होणार नाही.

२० फेब्रुवारी

पद्धत अशी. रात्री बाबा झोपले की खुर्ची रोज चार बोटं लांब सरकवायची. दुसऱ्या दिवशी वारा आला की ती डुलते, बाबा शिव्या देत उठतात, भिंत धरून जातात, तिला थांबवतात. मग मी धावत जाऊन बघतो, पाय सुजला नाही ना, तोल गेला नाही ना. आणि मुद्दाम काहीतरी बोलतो, हवापाण्याचं, त्यांना संशय येऊ नये म्हणून. ते म्हणतात, "बस वायच." मी बसतो.

दीपाला मी म्हटलं, बघ, म्हाताऱ्याला पत्ता नाही आणि व्यायाम चालू आहे. ती नुसती हसली. हिला शास्त्रातलं काही कळत नाही.

६ मार्च

वाऱ्याने दगा दिला. तीन दिवस पान हलत नाही. खुर्ची दगडासारखी उभी आणि बाबा व्होल्टेरवर आडवे.

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मासे गरवायचं तंगूस आणलं. नायलॉनचा बारीक दोरा, कोळ्याच्या जाळ्याहून पातळ. एक टोक खुर्चीच्या मागच्या पायाला, मग खिडकीतून बाहेर, पेरूच्या फांदीवरून थेट मांगरात माझ्या बाकापाशी. ओढला, सोडला, की खुर्ची डुलली! बाबांना काय दिसणार, त्यांना चष्म्यातून पेपर दिसायची मारामार.

आज उठताना ते म्हणाले, "वारो पडलो आसा, तरी कदेल डुलता. देवाची करणी." मी म्हटलं, हो ना.

११ मार्च

भैरूला तंगसाची भारी मजा वाटते. म्हणतो, "मालक, तुम्ही मासं धरताय आणि गळाला बा लागलाय." मी त्याला दटावलं.

आज तंगसावर, खिडकीलगत, कुणीतरी बाबांचा रुमाल चिमटा लावून वाळत टाकला होता. दीपाला विचारलं, ती म्हणाली मी नाही. म्हणजे भैरूच. कामचुकार! दोरा दिसतो असं बाबांच्या लक्षात आलं असतं तर?

१९ मार्च

एक नवल नोंदवण्यासारखं. काम अंगावर असतं त्या दिवशी बाबा पहिल्या झोक्यालाच उठतात. आज डिचोलीची डायनिंग टेबलं निघायची होती, टेम्पो दारात उभा, मी घाईघाईने एकदाच तंगूस ओढलं, तर बाबा खुर्चीपाशी हजर! नशीबच म्हणायचं. आणि परवा मला काही काम नव्हतं, तर अर्धा तास ओढतोय, ओढतोय, आणि हे आरामात चहात पाव बुडवून खातायत. या माणसाचा काही नेम नाही.

दीपाने आज निर्गुंडीचं तेल आणून माझा उजवा खांदा चोळला. म्हणाली, मामंजींनी सांगितलंय. रंधा मारून माझा खांदा भरतो हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं. कधी नव्हे ते बापाला माझ्या कामाची किंमत कळली म्हणायची. खरं सांगू, बरं वाटलं.

३१ मार्च

काल संवसर पाडवा. बाबा भिंत न धरता, काठी टेकत सोप्यापर्यंत आले, कारण खुर्ची आता सोप्यावर आहे. तिला थांबवून तिथेच उभे राहिले. गुढी बघतायत असं मला वाटलं, पण बघत होते रस्त्यापलीकडे. तिथे धाकूकाका गुढीला हार घालत होते. त्यांनी इकडे बघितलं. बाबांनी मान फिरवली. मग काकांनी मान फिरवली. मग दोघांनी पुन्हा बघितलं.

मी म्हटलं, "बाबा, आता अंगणात फेऱ्या मारा." ते म्हणाले, "गोल गोल फिराक मी काय घाण्याचो बैल?"

५ एप्रिल

अडचण मोठी आहे. सोप्यापुढे खुर्ची न्यायची कुठे? अंगणात ऊन. ऊन लागलं की पायांचा बाक फिरतो आणि डुलणं बिघडतं. डॉक्टरांनी पाय बघून सांगितलंय, प्रगती आहे, पण अजून गुडघा ताठ आहे, पायऱ्या चढल्या-उतरल्याशिवाय तो सुटणार नाही. पावसाळा दोन महिन्यांवर. मला आता हवी आहे छपराखालची जागा, थोडी लांब, आणि तिला पायऱ्या हव्यात.

टेप घेऊन सगळीकडे हिंडलो. अशी जागा आजूबाजूला एकच आहे. धाकूकाकांचा सोपा.

लोक म्हणतील, तिथेच कशाला, भांडण आहे ना? भांडणाचं त्यांचं ते बघून घेतील. मला अंतर आणि पायऱ्या महत्त्वाच्या.

१२ एप्रिल, रविवार

काकांकडे गेलो. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी फोंड्याला दिली, घरात ते एकटेच. पेटीवर कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ. मी सगळी योजना समजावली. खुर्ची तुमच्या सोप्यावर राहील. तुम्ही तिच्यावर बसायचं नाही. ती बाबांना दिसेल अशी ठेवायची आणि रिकामी डुलवायची. बाबांना ते सहन होणार नाही, ते थांबवायला येतील, म्हणजे पायऱ्या आपोआप चढतील.

मला वाटलं, काका हाकलून देतील. ते म्हणाले, "कितलो वेळ डुलवची?"

मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ थोडी.

"दिसभर डुलवतां. माका दुसरें कितें काम आसा?" मग विचारतात, "चाय किती वाजता घेता तो हल्ली?"

मी म्हटलं, चहाचा इथे काही संबंध नाही. काकांना तांत्रिक बाजू नीट कळलीय असं वाटत नाही. कोकणीवाले आहेत म्हणून माझ्याशी मुद्दाम ठेवणीतली कोकणी बोलतात, एरवी त्यांची बोली आमचीच. पण बाकी माणूस कामाचा आहे.

१३ एप्रिल

सकाळी काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून सोप्यावर उभे. एका पायाने खुर्ची हलवतायत आणि आमच्या घराकडे बघतच नाहीत असं दाखवतायत.

आमच्या सोप्यावर बसलेल्या बाबांनी पेपर खाली केला. पेपर वर केला. परत खाली केला. आणि नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा रस्त्यापलीकडे शब्द गेला: "धाकू! रिकामी कदेल डुलवतंस? घराक आग लावतलंस काय?"

काका म्हणाले, "कदेल म्हजी, घर म्हजें!"

"कदेल माझ्या झिलाची!"

"तर येवन व्हर!"

मुलाची खुर्ची आहे तर ये आणि घेऊन जा, असं आव्हानच दिलं की! आता उठतील, आता जातील, म्हणून मी मांगराच्या दारात श्वास रोखून उभा. बाबा सोप्याच्या कडेपर्यंत आले, काठी आपटली, आणि परत जाऊन बसले.

२० एप्रिल

प्रयोग फसल्यात जमा. बाबा काही तिकडे जात नाहीत, नुसते ओरडतात. सकाळी ओरडतात, दुपारी झोप झाली की ओरडतात, संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ओरडतात. काकाही आपला कप घेऊन उभे राहतात आणि तिकडून ओरडतात. सुरुवात खुर्चीपासून होते, मग राजभाषा, मग कुणाचा तरी जुना आंबा कुणी तोडला होता ते, मग भजनात पखवाज कुठे चुकायचा आणि पेटी कुठे बेसूर व्हायची. काल दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी एकच अभंग म्हणत होते, दुसऱ्याची चाल चुकीची आहे हे दाखवण्यासाठी. जाणारे-येणारे सायकली थांबवून ऐकतात.

आवाज नीट पोचावा म्हणून बाबा आता पायऱ्या उतरून अंगण ओलांडतात आणि फाटकाशी जाऊन उभे राहतात. पण खुर्चीपर्यंत? नाही! मी दीपाला म्हटलं, सगळी मेहनत पाण्यात. ती पोट धरधरून हसली.

६ मे

काकांची खुर्ची आज डुलत नाही. कंटाळले असतील. मी म्हटलं, चला, बाबांना विश्रांती.

८ मे

आजही डुलली नाही. बाबा सकाळी फाटकाशी गेले, म्हणाले, "ए धाकू!" उत्तर नाही. "कदेल बंद ठेवलंस? हरलंस?" उत्तर नाही. मग बराच वेळ तिथेच उभे राहिले. ऊन चढलं तरी आत येईनात. चहा घेतला नाही. मी गेलो तर मलाच विचारतात, "कदेल डुलना कित्याक?"

मी म्हटलं, तुम्हालाच ती डुललेली नको होती ना?

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. आणि मग गेले! फाटक ढकललं, दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडला. काठी फाटकालाच टेकलेली राहिली. मी ती घेऊन मागे पळालो. बाबा त्याच पायऱ्यांपाशी जरासे थांबले, मग खांबाला हात देऊन एकेक चढले. सोप्यावरून हाक मारली. "धाकू! मेल्या, खंय आसस?"

काका आतल्या खोलीत बाजेवर पडलेले. ताप अंगात मावत नव्हता, ओठ सुकलेले. डोळे उघडून बाबांकडे बघितलं आणि ठेवणीतली कोकणी सोडून चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "इलंस? बस."

बाबा म्हणाले, "बसाक नाय इलंय मी. कदेल बंद कित्याक ठेवलंस?" आणि बाजेच्या कडेला बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मी बाबांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. काय करावं ते न कळून मी काठी हातात धरून उभाच राहिलो. मग बाबांनी मला झापलं, "बघतंस काय? डॉक्टराक हाड!"

मी धावपळ करून डॉक्टरांना आणलं. मलेरिया आहे, औषधाने बरा होईल, पण आणखी दोन दिवस तसेच गेले असते तर कठीण होतं म्हणाले. बाबा तिथेच राहिलेत. दीपाने पेज पाठवली ती त्यांनी आपल्या हाताने भरवली.

संध्याकाळी विचार करता एक तत्त्व हाती लागलं: डुलणारी खुर्ची माणसाला हलवते, पण थांबलेली खुर्ची जास्त हलवते. पुढच्या डिझाइनमध्ये वापरता येईल.

३१ मे

काल गोवा राज्य झालं. काकांना आता बरं आहे. बाबा रोज सकाळी उठून तिकडे जातात ते जेवायला येतात, पुन्हा जातात. काल दोघांनी वेगवेगळे पेढे वाटले, कारण राज्य कुणामुळे मिळालं यावर एकमत झालं नाही. भैरूने दोन्हीकडचे खाल्ले आणि आज पोट धरून बसलाय.

डॉक्टर गुडघा वाकवून बघून म्हणाले, "काय केलंत तरी काय?" मी माझ्या पद्धतीवर बोलणारच होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "झिलान उठयलो." मुलाने उठवलं! डॉक्टरांसमोर! मी दिवसभर हवेत होतो.

२ जून, मंगळवार

आज बाबा पलीकडे गेल्यावर त्यांच्या खोलीत टेप आणायला गेलो होतो. थकलो होतो, म्हणून व्होल्टेरवर बसलो. या खुर्चीवर मी लहानपणी बसलो असेन तेवढाच. पाय पसरले, मान टेकली आणि समोर बघितलं.

समोर खिडकी. खिडकीबाहेर पेरू. आणि पेरूच्या पलीकडे मांगराचं दार, सताड उघडं, आत माझा बाक. बाकावर भैरू बसून बिडी ओढत होता. त्याची बोटं दिसत होती. बिडीचा धूर दिसत होता. उन्हात, खुर्ची गेल्यावरही तसंच राहिलेलं तंगूस टोकापासून टोकापर्यंत चांदीच्या तारेसारखं चमकत होतं.

ताडकन उठलो. तडक पलीकडे जाणार होतो, पण बाबाच पानाचा डबा विसरले म्हणून आले. मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं?"

"आंधळो नाय मी."

"मग उठत का होतात?"

"तू कामधंदो टाकून तंगूस ओढीत बसलंलंस. घामाघूम. मी उठलंय नसतंय तर तू थंयच बसतलंस. गिरायकां बोंबलत ऱ्हवली असती." डबा कमरेला खोचून ते दाराकडे निघाले.

मला राहवेना. म्हटलं, "एक शब्द सांगायचा होतात. म्हणाला असतात, बाबा रे, दिसतंय मला, पुरे कर, तर मी तंगूस काढून टाकलं असतं."

ते उंबऱ्याशी थांबले. "तसा सांगितला असता तर तू येवचं बंद केलं असतंस," म्हणाले. "मी उठलंय की तू रोज धावत येय होतंस माका बघूक. वायच बसा होतंस, बोला होतंस. तेच्याआधी ह्या खोलयेत कदी इल्लंस?"

आणि गेले. दोन्ही पाय सारखे टाकत, पान चघळत, रस्ता ओलांडून.

मी तिथेच उभा. मग मूर्खासारखा रडलो. भैरूने मांगरातून विचारलं, "मालक, ते डिचोलीचं शोकेस आज धरायचं का नाही?" मी म्हटलं, उद्या.

पलीकडून दोघांचं भांडण सुरू झालेलं ऐकू आलं. चपला शोधल्या आणि तिकडे गेलो. काकांनी काही विचारलं नाही, नुसता चहाचा तिसरा कप आणला. कदेल एकच होती आणि तिच्यावर बाबा बसले होते, म्हणून मी पायरीवर बसलो.